सायकल गोठ्यात का गेली?

भाकरी-भाजी उरकून, भांडी घासायच्या आधी जरा टेकला असाल तर तशाच बसा. आज माईकसमोर आम्ही तिघी आहोत, पण बोलणं आमच्या गटातल्या बाराजणींचं आहे. काय सांगायचं ते गुरुवारी हिशेबाच्या बैठकीत सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि वाचायला कोण जाणार याच्या चिठ्ठ्या टाकल्या.

विषय आहे एकटीने केलेला सायकलचा लांबचा प्रवास. तुम्ही म्हणाल, कापूस वेचायला माणसं मिळेनात आणि या बाया सायकलच्या सहलीचं काय घेऊन बसल्या! आम्हीही आधी असंच म्हणालो होतो. म्हणून लांबच्या प्रवासाकडे जायच्या आधी आमच्याच गावातल्या एका सायकलीची गोष्ट सांगतो. ती सहा किलोमीटर चालत होती आणि मग गोठ्यात गेली.

आमच्या गटातल्या एका बाईची मुलगी नववीत आहे. तिचं नाव सांगत नाही. शाळा सहा किलोमीटरवर. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, तशी तिलाही मिळाली. नवी कोरी, पुढे टोपली असलेली. वर्षभर ती पोरगी वेळेवर शाळेत जात होती. येताना टोपलीतून आजीची तंबाखूची पुडी आणि आईची औषधाची गोळीही आणायची.

पावसाळ्यात एक दिवस दोघं मोटारसायकलवर मागून आले. नाल्याच्या अलीकडे, जिथे दोन्ही बाजूंना कपाशी छातीएवढी वाढलेली असते, तिथे त्यांनी तिचं दप्तर ओढलं. पोरगी पडली. गुडघा सोलला, सायकलचं हॅंडल वाकडं झालं. ते हसत निघून गेले.

घरी रडारड झाली. आजी म्हणाली, "जाऊ दे माय, पोरगीनी जात शे. सायकल नको न् काही नको." सायकल गोठ्यात गेली, म्हशीच्या दाव्याशेजारी. मुलगी काळीपिवळीतून जाऊ लागली. भाड्याचे पैसे असले तर जायची, नसले तर राहायची. गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून रोज पहिला तास बुडायचा. दिवाळीपर्यंत इतके दिवस खाडे झाले की घरात दुसरंच बोलणं सुरू झालं. "शिकून तरी काय करणार, एखादं स्थळ बघा."

आता खरं सांगायचं तर, सायकल गोठ्यात टाका हे आजी एकटी म्हणाली नव्हती. आम्हीही म्हणालो होतो. बैठकीत आम्ही बाराही जणींनी माना डोलावल्या. बरं झालं, एवढ्यावर निभावलं, असं म्हणालो. मग ती पोरगी आईच्या मागून बोलली, "ढकललं त्यांनी. पडले मी. आणि बंद झाली माझी सायकल. त्यांची मोटारसायकल तर चालूच आहे."

त्यावर कोणाला काही बोलता आलं नाही.

त्याच आठवड्यात तिच्या शाळेतल्या बाईंनी वर्गात वेदांगी कुलकर्णीची गोष्ट सांगितली होती. पोरीने ती घरी येऊन सांगितली आणि आईने आम्हाला. आम्ही बाईंनाच बैठकीला बोलावलं आणि सगळं नीट विचारून घेतलं.

वेदांगी पुण्याची. इंग्लंडमध्ये शिकत होती. जुलै 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातून ती सायकलवर निघाली, पृथ्वीला फेरी घालायला. 14 देश आणि सुमारे 29 हजार किलोमीटर, 159 दिवसांत. 23 डिसेंबर 2018 ला पहाटे ती कोलकात्याला पोचली तेव्हा तिचं वय 20 वर्षं होतं. मधले काही टप्पे विमानाने, बाकी सगळं पायडल. यातला बहुतेक प्रवास तिने एकटीने केला, आपलं सामान आपल्याच सायकलवर लादून.

29 हजार म्हणजे किती? आम्ही हिशेबाच्या वहीतच मांडून बघितलं. धुळ्याहून जळगाव साधारण 95 किलोमीटर. जाऊन-येऊन 190. असं दीडशे वेळा जाऊन यायचं. आणि विमानाचे, अडकून पडलेले दिवस धरूनही रोजची सरासरी 180 च्या वर जाते, म्हणजे दररोज धुळ्याहून निघायचं आणि नाशिकच्याही पुढे जायचं. काही दिवस तर तिने एका दिवसात 300 किलोमीटर कापले. म्हणजे जवळजवळ मुंबई.

रस्ता सपाट नसतो हे आपल्याला सांगायला नको. आपल्याकडे मुंबईच्या बाजूला लळिंगचा घाट, सुरतेच्या बाजूला कोंडाईबारी, इंदूरच्या बाजूला बिजासनचा घाट. धुळ्यातून कुठेही निघा, कुठे ना कुठे चढ लागतोच. चढावर दम लागतो, पण चढावर माणूस सहसा पडत नाही, कारण वेगच नसतो. पडतो तो उतारावर, ब्रेक कच्चा असला आणि मागे ओझं असलं की. लांबच्या प्रवासाचंही तसंच असावं. पायाला लागलेला चढ दिसतो, त्याची तयारी करता येते. घात करतो तो न सांगता आलेला वाईट दिवस.

वेदांगीच्या वाट्याला असे दिवस आले. भारतीय पासपोर्टवर एकेका देशाचा व्हिसा मिळवताना दिवस गेले. आपल्याला दाखल्यासाठी तहसीलला चार हेलपाटे घालावे लागतात, तसंच समजा. कॅनडात अस्वल मागे लागलं. जुलैत निघालेली पोरगी रशियात पोचली तेव्हा तिथे हिवाळा होता. बर्फात तंबू ठोकून तिने एकटीने रात्री काढल्या. सगळ्या प्रवासात पारा कधी 37 अंशांवर, तर कधी शून्याखाली 20. मेमध्ये 44 अंश सोसणाऱ्या आपल्याला 37 चं काही वाटणार नाही, पण शून्याखाली 20 म्हणजे बाटलीतलं पाणीसुद्धा गोठतं.

आणि स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटलं.

बाईंनी हे सांगितलं आणि आम्ही सगळ्या एकदम बोलायला लागलो. एक म्हणाली, माझी लेक असती तर त्याच रात्री परत बोलावली असती. दुसरी म्हणाली, अर्ध्यावरून परत आली असती तर लोकांनी तोंड वर करू दिलं नसतं. तिसरी म्हणाली, लोक काय, गेली तेव्हाही बोललेच असतील. मग बाई म्हणाल्या, "ती परत आली असती तरी चूक झाली नसती. मोडलेल्या मनाने कोणी पायडल मारावं असं नाही. पण एक बघा. थांबायचं की जायचं, हे चोराने ठरवलं नाही. तिने ठरवलं. आणि तिचे आईवडील तिच्या पाठीशी राहिले."

स्पेननंतर फ्रान्स होता, बेल्जियम, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड, रशिया होता, आणि शेवटी आपल्या देशातले 4 हजार किलोमीटर. तेवढं सगळं त्या लुटीच्या पलीकडे उभं होतं.

आम्ही घरी जाऊन विचार करत राहिलो. 159 दिवसांतले वर्तमानपत्रात किती आले? अस्वलाचा दिवस, चाकूचा दिवस, बर्फाच्या रात्री, शेवटची पहाट. हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. बाकीचे दीडशे दिवस बातमीत नाहीत. उठायचं, खायचं, हवा बघायची, पायडल मारायचं, झोपायला जागा शोधायची. निंदणीसारखं काम. एक ओळ झाली की दुसरी. प्रवास पुरा झाला तो त्या दिवसांमुळे. पण आपण पोरींना सांगतो ती गोष्ट फक्त चाकूच्या दिवसाची. "बघ, ती एकटी गेली आणि काय झालं!" आमच्या पोरीचंच घ्या. वर्षभर ती रोज सुखरूप गेली-आली. ते दिवस कोणी मोजले नाहीत. एक दिवस वाईट आला आणि त्या एका दिवसाने सगळ्या वर्षाचा निकाल लावला.

आता तुमच्या मनात आलं असेल ते आमच्याही मनात आलं होतं. ती पुण्याची, इंग्लंडात शिकणारी, पाठीशी आईवडील. आपली पोरगी कुठे आणि ती कुठे? खरं आहे. पैसा, पासपोर्ट, विमानाचं तिकीट यांवाचून पृथ्वीची फेरी होत नाही. पण म्हणून एकटीने लांब जाणं हे पैसेवाल्यांचंच काम आहे असं मात्र नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, राजगढ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आशा मालवीय मजुरी करणाऱ्या आईची लेक. 1 नोव्हेंबर 2022 ला ती भोपाळहून सायकलवर एकटी निघाली आणि देशातली सगळी राज्यं फिरली, 20 हजार किलोमीटरहून जास्त. आणि फिरताना सांगत काय होती? बाईमाणसाला सुरक्षित वाटेल असा देश करू या. अशी मागणी करायला ती एकटीने रस्त्यावर उतरली.

आणि हे आजकालचं खूळ आहे असंही समजू नका. सव्वाशे वर्षांपूर्वी, 1894 साली अमेरिकेत बोस्टन शहरातून ॲनी नावाची एक बाई सायकल घेऊन जगाच्या फेरीला निघाली. तिला तीन लहान मुलं होती. बराचसा प्रवास तिने जहाजाने केला, पण सायकल सोबत होती आणि जमिनीवर ती चालवत होती. निघाली तेव्हा अंगात पायघोळ झगा आणि सायकल साधारण 19 किलोची, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या भरल्या हंड्याएवढी. काही महिन्यांतच तिच्या लक्षात आलं की असं जमायचं नाही. तिने हलकी सायकल घेतली आणि झगा सोडून ढगळ विजार घातली. लोकांनी नावं ठेवली. पण ओढणी चेनमध्ये अडकून जी कधी पडली आहे तिला ॲनीने तसं का केलं हे समजावून सांगावं लागणार नाही.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याचंही बाईंनी सांगितलं. 1991 च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोहीम चालू होती. त्या मोहिमेने बायांना लिहा-वाचायला शिकवता शिकवता सायकलही शिकवली. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, शाळेतल्या, अशा एक लाखाहून जास्त बाया सायकल शिकल्या. बायांच्या सायकली दुकानात संपल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या दांड्याच्या सायकली घेतल्या आणि दांड्यावर पोर बसवलं. तिथेही सुरुवातीला टोमणे होतेच. पण रस्त्यावर एक बाई असली की टोमणा मारता येतो, शंभर असल्या की किती जणींना मारणार?

हे ऐकून आम्हाला आमचं चुकलेलं कळलं. आम्ही सायकल थांबवली होती, रस्ता तसाच सोडला होता.

मग आम्ही काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही.

एका सकाळी आम्ही सातजणी तो सहा किलोमीटरचा रस्ता पायी चाललो, पोरीला सोबत घेऊन. कुठे भीती वाटते ते तिने दाखवलं. नाल्याजवळची ती जागा आणि पुढे एक बंद पडलेली वीटभट्टी, एवढ्या दोनच जागा. सबंध रस्ता नाही. आम्ही घरी बसून सहाही किलोमीटरला घाबरत होतो. त्या दोन जागांच्या आजूबाजूला ज्यांची शेतं आहेत त्या बायांना सांगितलं की शाळेच्या वेळी बांधाकडे लक्ष ठेवा. त्या म्हणाल्या, आम्हाला आधी का नाही सांगितलं?

पोरगी आणि तिची आई आधी पोलीस पाटलांकडे गेल्या, मग ठाण्यात. आमच्यातल्या दोघी बरोबर होत्या. मोटारसायकलच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पोरीच्या लक्षात होते, ते कामी आले. त्या दोघांना आणि त्यांच्या घरच्यांना बोलावून समज दिली गेली. त्यांच्यापैकी एकाची आई आमच्या ओळखीची निघाली. ती फार रडली. त्या दिवशी आम्हाला बरं वाटलं नाही, पण गेलो हे योग्यच झालं.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. अडचणीच्या वेळी पोलिसांची मदत 112 नंबरवर मिळते आणि मुलांसाठी 1098 हा नंबर आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलीची कोणी छेड काढली, अंगाला हात लावला तर 2012 चा पॉक्सो कायदा आहे. "घरातच मिटवा" म्हणणाऱ्याला हे सांगा.

सायकल गोठ्यातून काढली तर टायर बसलेले, चेन गंजलेली. गावातल्या सायकलवाल्या दादाने हॅंडल सरळ केलं. पैसे घेतले नाहीत, पण आम्ही त्याच्याकडून एक मागितलं, गावातल्या मुलींना पंक्चर काढायला शिकव. रविवारी पाचजणी त्याच्या दुकानापुढे बसल्या. घमेल्यात पाणी, त्यात ट्यूब दाबायची, बुडबुडा निघाला की तिथे खूण. घासायचं, सोल्यूशन लावायचं, सुकू द्यायचं, मग पॅच. चेन उतरली तर हाताने कशी बसवायची, ब्रेकची तार कशी ताणायची. एकटीने रस्त्याला लागायचं तर हे यायलाच हवं. रस्त्यात सायकल बंद पडली की जी कोणाच्या तरी तोंडाकडे बघत उभी राहते, तिला जास्त भीती असते.

बाकीचं लांबच्या प्रवासातून शिकलेलं आम्ही असं लावून घेतलं. ऊन चढायच्या आत निघायचं. तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायचं. ओढणी गाठ मारून बांधायची. पोचल्यावर घरी कळवायचं. मोबाइल नसेल तर शाळेच्या बाईंनी सांगायचं. आणि वाईट काही घडलं तर घरी बोलायचं. हे पोरीसाठी झालं. घरच्यांसाठी एकच. ती येऊन बोलली की तिची सायकल काढून घ्यायची नाही. सायकल काढून घेतली तर पुढच्या वेळी ती सांगणारच नाही. मग रस्ता तसाच राहतो आणि आपल्याला कळतही नाही.

आता त्या रस्त्याने पाच मुली मिळून जातात. चौघींची घरं गावात आहेत. आमची ही पोरगी मळ्यात राहते, म्हणून शेवटचे दोन किलोमीटर ती एकटीच असते. आम्ही तिला विचारलं, "भीती गेली का गं?" ती म्हणाली, "नाल्यापाशी हात अजून ब्रेकवर जातो. पण मी थांबत नाही." आजीने विचारलेलं आम्हाला फार आवडलं. एक दिवस पोरगी जरा उशिरा आली तेव्हा ती दारात उभी होती. म्हणाली, "एकलीच कोठे जाई राहिनी होती इतका येळ?" पोरगी म्हणाली, "पंक्चर काढत होते." आजी काही बोलली नाही. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि सायकल भिंतीला लावून ठेवली. गोठ्यात नाही, ओसरीवर.

स्थळाचं बोलणं सध्या थांबलं आहे. कायमचं थांबलं असं आम्ही म्हणत नाही. नववी पार पडायची आहे, दहावी पुढे आहे. घाट बराच बाकी आहे.

वेदांगीबद्दल एक शेवटचं. कोलकात्याला पोचली तरी तिची फेरी कागदावर पुरी झाली नव्हती. जिथून निघाली त्या पर्थला परत जाऊन उरलेले 15 किलोमीटर चालवायचे होते, कारण जिथून निघालो तिथेच पोचलो की मगच फेरी पुरी होते. आमच्या पोरीची फेरी रोज संध्याकाळी ओसरीवर पुरी होते आणि सकाळी नव्याने सुरू होते.

मैत्रिणींनो, तुमच्या गोठ्यात, माळ्यावर, पडवीत एखादी सायकल उभी असेल तर उद्या सकाळी तिच्याकडे बघा आणि घरात विचारा, ही का थांबली? पोरगी कंटाळली म्हणून थांबली असेल तर गोष्ट वेगळी. पण एका वाईट दिवसामुळे थांबली असेल तर तुमच्या गटात तो रस्ता एकदा चालून बघा. काय दिसलं ते आम्हाला कळवा. पुढच्या वेळी चिठ्ठीत ज्यांचं नाव निघेल त्या तुमची पत्रं वाचून दाखवतील.

चला, भांडी राहिलीत. राम राम.